कार्डाचे व्याज वाढल्याची सूचना आली, तर काय करावे?

तथागतांनी अनाथपिंडिक गृहपतीला गृहस्थाची चार सुखे सांगितली आहेत. अंगुत्तर निकायात त्यांचा उल्लेख येतो. स्वकष्टाने आणि धम्माला धरून मिळवलेले धन असणे हे अत्थिसुख. त्या धनाचा उपभोग घेणे व त्यातून दान करणे हे भोगसुख. कोणाचे लहान वा मोठे देणे अंगावर नसणे हे अनणसुख, आणि काया-वाचा-मनाने निर्दोष असणे हे अनवज्जसुख. अडीच हजार वर्षांपूर्वी 'कर्ज नसणे' या गोष्टीला सुखाच्या यादीत स्वतंत्र स्थान दिले गेले, याचे आम्हाला नेहमी आश्चर्य वाटते. बँकेच्या काउंटरवर रोज माणसे पाहताना मात्र त्याचे कारण पटते.

आपल्या संस्थेच्या सभासदांच्या घरांत आज नोकरी आली, पगार बँकेत जमा होऊ लागला आणि त्यापाठोपाठ क्रेडिट कार्डही आले. जूनमधले शाळा-कॉलेजचे प्रवेश, दवाखाना, लग्नकार्य, घरातला फ्रिज यांसाठी ते वापरले जाते. मग एके दिवशी मोबाईलवर किंवा ई-मेलवर सूचना येते की, अमुक तारखेपासून कार्डावरील व्याजदर बदलत आहे. बहुतेक जण ती वाचत नाहीत. जे वाचतात ते घाबरतात किंवा चिडतात. या सूचनेचा अर्थ काय, आपला हक्क कोणता आणि प्रत्यक्षात करायचे काय, याची माहिती सभासदांना व विद्यार्थ्यांना व्हावी म्हणून हा लेख.

व्याज केव्हा लागते?

कार्ड म्हणजे वाण्याकडचे उधारीचे खाते, फक्त वाण्याच्या जागी बँक. महिनाभर खरेदी करावी, ठरावीक दिवशी बिल निघते आणि ते भरायला काही दिवसांची मुदत मिळते. बिलाची सगळी रक्कम मुदतीत भरली, तर खरेदीवर व्याज लागत नाही. अशा माणसाच्या कार्डाचा दर छत्तीस टक्के असो वा पंचेचाळीस, त्याला एक रुपयाचाही फरक पडत नाही.

बिलातील थोडी जरी रक्कम मागे ठेवली, तर बिनव्याजी मुदतीची ही सवलत जाते. मग मागच्या बाकीवर व्याज लागतेच, शिवाय नवीन खरेदीवरही खरेदीच्या दिवसापासून व्याज सुरू होते. ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. 'थोडेच तर राहिले आहे' असे म्हणून ते पुढच्या महिन्याचा किराणाही त्याच कार्डावर घेतात आणि त्या किराण्यावरही व्याज भरतात. एटीएममधून कार्डावर रोख रक्कम काढली, तर बिनव्याजी मुदत मुळीच नसते. व्याज पहिल्या दिवसापासून लागते आणि रोख काढण्याचे शुल्क वेगळे.

दर का वाढतो?

घरकर्जाचा दर रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराबरोबर खाली-वर होतो, हे आता बऱ्याच जणांना माहीत आहे. कार्डाचे तसे नाही. कार्डाचा दर बँक स्वतः ठरवते. त्यामुळे रेपो दर उतरला असतानाही कार्डाचा दर चढू शकतो. कार्डाच्या कर्जाला तारण नसते, बुडण्याची भीती जास्त असते, म्हणून दर मुळातच चढा असतो. १६ नोव्हेंबर २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेने कार्डावरील येण्यांचा जोखीमभार बँकांसाठी १२५ टक्क्यांवरून १५० टक्के केला. याचा अर्थ असा की, अशा कर्जामागे बँकेला स्वतःचे भांडवल अधिक राखून ठेवावे लागते. ते खर्चाचे असते. २०२४ च्या अखेरीस काही मोठ्या कार्डांचा दर दरमहा ३.७५ टक्के, म्हणजे वर्षाला ४५ टक्के झाला.

दराला काही कायदेशीर मर्यादा आहे का, असे आम्हाला पुष्कळदा विचारले जाते. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने ७ जुलै २००८ रोजी निर्णय दिला होता की, वर्षाला ३० टक्क्यांहून अधिक व्याज घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा होय. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो निर्णय रद्द केला. तेव्हा आज ३० टक्क्यांची ती मर्यादा उरलेली नाही. व्याज मुद्दलापेक्षा वाढू नये हा आपल्याकडचा दामदुपटीचा जुना दंडकही कार्डाच्या बिलासमोर दाखवून उपयोग नाही. 'दर फार आहे' एवढ्याच तक्रारीवर दाद मिळेल, अशी आशा कोणी धरू नये.

काही वेळा दर वाढल्यासारखा वाटतो, पण कारण वेगळेच असते. सुरुवातीच्या काही महिन्यांची सवलत संपलेली असते, एखादा हप्ता चुकल्याने चढा दर लागलेला असतो, किंवा रोख रक्कम काढलेली असते. म्हणून चिडण्यापूर्वी मागील तीन बिले शेजारी ठेवून व्याजाचा दर, बाकी आणि शुल्क ही तीन कलमे ताडून पाहावीत.

हिशेब मांडून पाहू

समजा, एखाद्या सभासदाच्या कार्डावर ४०,००० रुपये बाकी आहे. दर महिन्याला साडेतीन टक्के होता, तो पावणेचार टक्के झाला. जुन्या दराने महिन्याचे व्याज १,४०० रुपये. कार्डाच्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, तो २५२ रुपये. एकूण १,६५२. नव्या दराने व्याज १,५०० आणि जीएसटी २७० मिळून १,७७०. म्हणजे दरवाढीमुळे पडलेला फरक महिन्याला ११८ रुपये.

या हिशेबातली खरी गोष्ट ते ११८ रुपये नाहीत. सूचना येण्यापूर्वीही हा सभासद दरमहा १,६५२ रुपये देतच होता आणि त्याकडे त्याचे लक्ष नव्हते. दरवाढीने फक्त घंटा वाजवली. दुखणे आधीपासून होते, आणि ते म्हणजे बाकी मागे ठेवणे.

आता किमान रकमेचे पाहू. बिलावर 'एकूण देय रक्कम' आणि 'किमान देय रक्कम' असे दोन आकडे असतात. समजा किमान रक्कम २,००० रुपये आहे. ती भरली की त्यातले १,७७० व्याज व करात जातात आणि मुद्दल फक्त २३० रुपयांनी कमी होते. माणसाला वाटते, आपण दरमहा नियमाने भरतो आहोत, पण कर्ज जागचे हलत नाही. किमान रक्कमच भरत राहिल्यास फेड महिनोन् महिने, वर्षानुवर्षे लांबते, असा इशारा बिलावर छापण्याचे बंधन रिझर्व्ह बँकेने घातले, ते यासाठीच.

तेच ४०,००० रुपये सभासदाने आपल्या पगारदार नोकरांच्या पतसंस्थेतून वर्षाला १२ टक्क्यांनी, बारा महिन्यांच्या मुदतीने घेतले आणि कार्डाची बाकी एकदम मिटवली, असे समजू. हप्ता सुमारे ३,५५४ रुपये पडेल आणि वर्षाअखेर एकूण व्याज २,६५० रुपयांच्या आसपास होईल. आणि तेवढाच ३,५५४ रुपयांचा हप्ता तो कार्डावरच भरत राहिला तर? फेडायला सोळा महिने लागतील आणि व्याज व कर मिळून साडेसोळा हजारांवर रक्कम जाईल. दोन्हीकडे हप्ता तोच, कर्ज तेच, फरक जवळपास चौदा हजारांचा. एका मुलीची वर्षाची पुस्तके, गणवेश आणि क्लासची फी त्यात सहज निघावी.

मुंबईच्या गिरणगावातील आपल्या वडीलधाऱ्यांनी 'पठाणी व्याज' पाहिले आहे. रुपयाला महिना एक आणा, म्हणजे वर्षाला ७५ टक्के. पगाराच्या दिवशी गिरणीच्या फाटकावर पठाण उभा असे. आजच्या कार्डाचे पावणेचार टक्के आणि त्यावरील जीएसटी मिळून महिन्याला सुमारे ४.४ टक्के होतात. जुन्या भाषेत सांगायचे तर रुपयाला पाऊण आण्याच्या जवळपास. फाटकावर कोणी उभे नसते, एवढाच फरक आहे.

आपले हक्क

रिझर्व्ह बँकेने कार्डासंबंधीचे निर्देश २१ एप्रिल २०२२ रोजी काढले व ते १ जुलै २०२२ पासून लागू झाले. त्यांतील पुढील गोष्टी सभासदांनी लक्षात ठेवाव्यात.

(१) शुल्क व आकारणीतील बदल मागील तारखेपासून लागू करता येत नाही. त्याची किमान एक महिना आधी सूचना द्यावी लागते.

(२) बदल आपल्या तोट्याचा असेल आणि त्या कारणाने कार्ड परत करायचे असेल, तर बंद करण्याचे जादा शुल्क घेता येत नाही. मात्र सर्व येणे आधी फेडले पाहिजे.

(३) सर्व येणे फेडल्यावर कार्ड बंद करण्याचा अर्ज सात कामकाजाच्या दिवसांत निकाली काढावा लागतो. त्यापुढील विलंबाबद्दल बँकेने ग्राहकाला दर दिवशी ५०० रुपये द्यायचे असतात.

(४) न भरलेली शुल्के व कर मुद्दलात मिळवून त्यांवर व्याज चढवता येत नाही.

(५) मुदतीनंतर तीन दिवसांहून अधिक काळ गेल्यावरच विलंब शुल्क लावता येते.

(६) आपल्या संमतीशिवाय कार्डाची मर्यादा वाढवता येत नाही.

सूचना आल्यावर पुढील क्रमाने चालावे

सर्वप्रथम सूचनेवरील तारीख पाहावी. नवा दर कधी लागू होणार, आणि आज व त्या दिवसात महिन्याचे अंतर आहे की नाही, हे टिपून ठेवावे. सूचना पुसून टाकू नये. नवा दर लागू झाल्यावर पुढचे व्याज सर्वसाधारणपणे सगळ्याच बाकीवर नव्या दराने धरले जाते. म्हणून मिळालेला महिना मोलाचा समजावा.

दुसरे, बाकी असेपर्यंत कार्ड कपाटात ठेवावे. नवीन खरेदी रोखीने करावी. गळकी घागर आधी बुजवावी, मग भरावी.

तिसरे, बँकेत आपोआप रक्कम वळती होण्याची सूचना दिलेली असेल, तर ती 'किमान रकमेची' आहे की 'एकूण रकमेची', हे तपासावे. आमच्या पाहण्यात असे कितीतरी ग्राहक येतात, ज्यांना आपले पूर्ण बिल भरले जात आहे असे वाटत असते आणि प्रत्यक्षात वर्षभर फक्त किमान रक्कम वळती होत असते.

चौथे, स्वस्त पैशाने महाग कर्ज फेडावे. घरात मुदत ठेव असेल तर ती मोडण्याचा किंवा तिच्यावर कर्ज काढण्याचा विचार करावा. ठेवीवरील कर्जाचा दर ठेवीच्या दरापेक्षा साधारणपणे एक-दोन टक्केच जास्त असतो. सात टक्क्यांची ठेव बँकेत आणि पंचेचाळीस टक्क्यांचे कर्ज कार्डावर, असे चित्र कित्येक घरांत असते. आमच्या मते ही बचत नव्हे. ठेव नसेल तर पतसंस्थेचे कर्ज, वैयक्तिक कर्ज, सोन्यावरील कर्ज असे मार्ग आहेत. मात्र सोने गहाण ठेवताना सोडवण्याची तारीख आधी ठरवावी. कार्ड देणाऱ्या बँकेलाच बाकीचे हप्ते पाडून देण्याची विनंतीही करता येते. त्या वेळी दर, प्रक्रिया शुल्क आणि एकूण किती रक्कम भरावी लागणार, हे तीन आकडे विचारावेत. केवळ हप्ता किती, एवढे विचारून समाधान मानू नये.

पाचवे, मित्रांकडून किंवा दुसऱ्या कार्डावरून पैसे काढून पहिले कार्ड फेडण्याचा खेळ करू नये. दुसऱ्या कार्डावर बाकी वळवण्याची सवलत काही महिन्यांचीच असते. तेवढ्यात फेडण्याची खात्री असेल तरच तिचा लाभ घ्यावा.

कार्ड बंद करायचे ठरले तर अर्ज लेखी करावा. तो असा असावा:

"माझ्या कार्डावरील (शेवटचे चार अंक …) व्याजदर दिनांक … पासून वाढत असल्याची सूचना मला दिनांक … रोजी मिळाली. ही वाढ मला मान्य नाही. माझ्याकडून येणे असलेली एकूण रक्कम कृपया लेखी कळवावी. ती भरल्यानंतर कोणतेही जादा शुल्क न घेता कार्ड बंद करावे आणि येणे बाकी नसल्याचा दाखला द्यावा."

अर्जाची पोच घ्यावी. दाखला मिळेपर्यंत कार्ड बंद झाले असे समजू नये. पाच-पन्नास रुपयांची बाकी राहून तिच्यावर शुल्के चढत गेल्याची उदाहरणे काउंटरवर नित्य दिसतात.

तक्रार कोठे करावी?

महिन्याची सूचना न देता दर लागू केला, न मागितलेले कार्ड माथी मारले, बंद करायला टाळाटाळ केली, तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत उत्तर न आल्यास, अथवा उत्तराने समाधान न झाल्यास, रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्यासाठी फी नाही, वकीलही लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा निःशुल्क क्रमांक आहे. दर किती ठेवावा हा बँकेचा व्यावसायिक निर्णय असल्याने लोकपाल त्यात पडत नाही. नियम मोडला असेल, तर मात्र तेथे दाद मिळते. म्हणून तक्रारीत संताप कमी आणि तारखा जास्त असाव्यात.

ज्यांचे हप्ते थकले आहेत त्यांना वसुलीवाल्यांचे फोन येतात. सकाळी ८ पूर्वी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीसाठी फोन करता येत नाही. शिवीगाळ, धमकी, शेजाऱ्यांत किंवा कचेरीत मानहानी, घरच्यांना व मित्रांना त्रास हे सर्व रिझर्व्ह बँकेने मना केले आहे. असे फोन आल्यास तारीख व वेळ लिहून ठेवावी. कर्ज थकणे हा गुन्हा केल्यासारखा कलंक नव्हे. पण तोंड लपवल्याने ते फिटतही नाही. बँकेत जाऊन, समोर बसून, झेपेल तो हप्ता सांगावा. 'तडजोड' करून कमी रकमेत खाते मिटवले, तर ती नोंद सिबिलसारख्या पतमाहिती संस्थांकडे राहते आणि पुढे घरकर्जाच्या वेळी आडवी येते, हेही ध्यानात असावे.

विद्यार्थी मित्रांना

पहिल्या पगाराबरोबर पहिले कार्ड येईल. तुमच्यापैकी अनेक जण आपल्या घरातले पहिले पगारदार असतील. आई-वडिलांनी कार्ड वापरलेले नाही, त्यामुळे ते विचारूनही सांगू शकणार नाहीत. एवढेच पाळा की, खात्यात पैसे नसलेली वस्तू कार्डावर घ्यायची नाही आणि बिल पूर्ण भरता येणार नसेल तर खरेदीच करायची नाही. परमपूज्य डॉ. बाबासाहेबांनी १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला आणि चलनाची किंमत घसरली की तिची झळ मजुरीवर जगणाऱ्याला कशी बसते, हे दाखवले. पैशाचा व्यवहार समजून घेणे हा त्यांनी घालून दिलेल्या शिक्षणाचाच भाग आहे, असे आम्ही मानतो.

इण सुत्तात तथागतांनी एक साखळी सांगितली आहे. दारिद्र्यातून कर्ज, कर्जातून व्याज, व्याजातून तगादा, तगाद्यातून पाठलाग आणि शेवटी बंधन. दीघजाणूला उपदेश करताना त्यांनीच उपायही सांगितला. गृहस्थाने तराजू धरणाऱ्याप्रमाणे आय आणि व्यय यांचा तोल पाहावा, याला समजीविता म्हटले आहे. त्याच उपदेशात कल्याणमित्राचीही गोष्ट आहे, आणि येथे आपल्या संस्थेचे काम सुरू होते.

कर्जाची गोष्ट आपल्याकडे घरातच दाबून ठेवतात. मुलाच्या बारशाला किती खर्च झाला हे सर्वांना सांगतात, त्यासाठी काढलेल्या कर्जाचे व्याज किती हे पत्नीलाही सांगत नाहीत. विहारात दर महिन्याच्या एका रविवारी तासभर असा ठेवता येईल की, ज्याला वाटेल त्याने आपले बिल घेऊन यावे आणि आपल्यातील बँकेत, विम्यात, लेखा विभागात काम करणाऱ्यांनी ते त्याच्याबरोबर बसून वाचावे. नाव वहीत लिहायचे नाही, गोष्ट बाहेर न्यायची नाही. आम्ही स्वतः अशा कामाला यायला तयार आहोत.

सर्व सभासदांना अनणसुख लाभो, हीच मंगल कामना.

जय भीम.